कॉलेजचं गेट नको, वॉर्ड बघून ये

पत्र: ताई, मी नागपुरात दिघोरीला राहते. बारावी सायन्सला ६४ टक्के आहेत. नीट दोनदा दिली, पण एमबीबीएसचं नाव काढावं असे मार्क नाहीत. खासगी बीएएमएस बाबांच्या पगारात बसत नाही, ते हिंगणा एमआयडीसीत आहेत. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली आहे आणि तेव्हापासून घरात रोज वाद. आई म्हणते, लोकांची घाण काढायला शिकवलं का तुला? मोठ्याई म्हणते, नर्सला स्थळं येत नाहीत. क्लासचे सर म्हणतात, जीएनएमचा डिप्लोमा करून टाक, लवकर मोकळी होशील. एका कॉलेजचा माणूस घरी येऊन गेला. सोमवारपर्यंत पंचवीस हजार भरा, जागा पक्की, सीईटीबिईटीची भानगडच नाही म्हणतो. मला रक्त पाहून चक्कर येते. आजीला लकवा झाला होता तेव्हा तिचं सगळं मीच करायचे, पण ते घरचं होतं, ते वेगळं. नर्स झाले तर 'डॉक्टर होता आलं नाही म्हणून' हे जन्मभर ऐकावं लागेल ना? — नाव छापू नका

उत्तर:

बेटा, आधी सोमवारचं बघू, बाकीचं सावकाश. त्या माणसाला एक रुपया द्यायचा नाही. आपल्याकडे बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांमधून होतात, आणि तू सीईटी दिलेली आहेस. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. एससी, एसटीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आधीपासून आहे. पण ही माफी कॅपमधून मिळालेल्या जागेला, मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणजे हा भला माणूस तुझ्याकडून पंचवीस हजार घेऊन वर तुझी फी माफीही घालवणार. तो पुन्हा आला तर पाणी द्या, चहा द्या, आणि सांगा की कॅपची यादी लागल्यावर बघू. 'हजेरीचं टेन्शन घेऊ नका, परीक्षेला आलात तरी चालतं' हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं तर चहासुद्धा देऊ नका.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू पत्रात सगळ्यात शेवटी लिहिलास.

डॉक्टरकीची गाडी चुकली म्हणून नर्सिंगच्या डब्यात चढणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्यात. त्यातल्या काही चार वर्षं वॉर्डात तोंड पाडून फिरल्या. काहींना पहिल्याच वर्षी कळलं की हे डॉक्टरच्या कामाचं छोटं रूप नाही, कामच निराळं आहे. डॉक्टर राऊंड घेऊन ओपीडीला जातो, थिएटरला जातो. पेशंट उरतो सिस्टरजवळ. त्याला काय होतंय हे रात्री अडीच वाजता सगळ्यात आधी कोणाला कळणार, याचं उत्तर बहुतेक वेळा सिस्टर हेच असतं. आणि कळावं लागतं. ते आपोआप कळत नाही, शिकावं लागतं.

एक उदाहरण देते. पावसाळ्यात उमरेड-भिवापूरकडचा एखादा माणूस पहाटे मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, येतो. रात्री जमिनीवर झोपला होता, आता पोटात दुखतंय. अंगावर खूण नाही, सूज नाही. मण्यार साप चावतो तेव्हा पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. वॉर्डात एकच रेसिडेंट डॉक्टर, तो दुसऱ्या कॉटवर अडकलेला. सिस्टर बीपी घ्यायला जाते आणि बघते, याच्या पापण्या पुऱ्या उघडत नाहीत. 'वर बघा' म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात, पापणी तिथंच. ती त्याला उशीवरून मान उचलायला सांगते. एका श्वासात आकडे मोजायला लावते आणि कुठपर्यंत पोचला ते लिहून ठेवते. थोड्या वेळाने पुन्हा मोजायला लावते. आधी वीसपर्यंत जाणारा माणूस आता बाराला थांबतोय, म्हणजे श्वासाची ताकद उतरतेय. इथे ती रेसिडेंटला 'सर, पेशंट बरा वाटत नाही' असं सांगत नाही. पापण्या कधीपासून उतरल्या, आकडा किती होता, किती झाला, ते सांगते. तो येईपर्यंत हाताने दाबून श्वास द्यायची अम्बू बॅग उशाशी असते, श्वासनळीत ट्यूब टाकायचा ट्रे उघडलेला असतो. अँटी स्नेक व्हेनमची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रिनलिन भरून ठेवलेलं असतं. औषधाची ऑर्डर डॉक्टरची, यात वादच नाही. पण ती ऑर्डर वेळेत निघाली, ती त्या आठ्या कोणी तरी बघितल्या म्हणून.

हे करताना तिच्या मनात 'मी डॉक्टर नाही झाले' असं येत असेल का? तूच सांग. नातेवाईक मात्र म्हणतील, लग्नात, बारशात म्हणतील. बोलणाऱ्यांचं तोंड धरता येत नाही. त्यांच्याच घरातलं कोणी अॅडमिट झालं की पहिला फोन तुला येतो, एवढं मी बघून आहे.

'आजीचं सगळं मीच करायचे, पण ते वेगळं' असं लिहून तू पुढे गेलीस. मी तिथंच थांबले. लकवा झालेल्या माणसाचं सगळं करणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर माकडहाडाशी कातडी लाल होते आणि बघता बघता बेडसोर. घास कोणत्या गालाकडून द्यायचा. डोकं किती उंच ठेवायचं, म्हणजे पाणी श्वासात जाणार नाही. लाज न वाटू देता कपडे कसे बदलायचे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला फाउंडेशनच्या नावाखाली हेच शिकवतात, आणि बारावीला ९० टक्के घेऊन आलेल्या मुलीही तिथे गडबडतात, कारण परक्या माणसाच्या अंगाला हात लावताना त्यांचा हात अडतो. तुझा अडला नाही. एक फरक मात्र आहे. आजी एकच होती आणि तुझी होती. वॉर्डात पन्नास जण असतील, त्यातला एखादा दारू पिऊन आलेला असेल, एखाद्याची बायको 'सिस्टर, सलाईन संपली, दिसत नाही का' म्हणून अंगावर ओरडेल. ते सहन होतं का, हे घरात बसून कळत नाही.

चक्कर येण्याचं फार मनावर घेऊ नको. रक्त पाहून एकदम बीपी खाली येतं, त्याला धाडसाची कमतरता म्हणत नाहीत. पहिल्या-दुसऱ्या पोस्टिंगला ड्रेसिंग बघताना पडणाऱ्या मुली (आणि मुलगे, ते जास्त आवाज करत पडतात) दर बॅचला असतात. सकाळी काही तरी खाऊन जायचं, गुडघे ताठ करून उभं राहायचं नाही, डोळ्यापुढे अंधारी आली की लाजेखातर उभी न राहता खाली बसायचं. बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं. हातात काम असलं की आणखी लवकर जातं, नुसतं बघत उभं राहणाऱ्याला चक्कर जास्त येते.

आईशी भांडू नको. ती जे म्हणतेय त्याला आपल्याकडे फार जुनं मूळ आहे. बाळाची नाळ कापणाऱ्या दाईला घरात घ्यायचं, पण शिवायचं नाही, अशी रीत आपल्याच गावांत होती. त्यामुळे अंगाशी येणारं काम ते हलकं काम, हे डोक्यात बसलंय. तिला एवढंच सांग की नर्सला त्या घाणीत बातमी दिसते. शी डांबरासारखी काळी झाली तर वर पोटात कुठे तरी रक्त वाहतंय. लघवीच्या पिशवीत तासाला तीस मिलीसुद्धा जमत नसेल तर किडनीकडे रक्त कमी पोचतंय, डॉक्टरला उठवायची वेळ झाली. पॅन रिकामं करायला वॉर्डात मावशी असतात, पण त्यात काय होतं हे सिस्टरला विचारलं जातं.

आईची दुसरी भीती मात्र खरी आहे आणि ती तू पत्रात लिहिलेली नाहीस, तरी असणारच. नाईट ड्यूटी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीचं काय झालं, हे तिनेही टीव्हीवर बघितलं असेल. 'काही होत नाही ग' असं म्हणून तिला गप्प करू नको. रात्री वॉर्डात किती जणी असतात, चेंजिंग रूमला आतून कडी आहे का, विद्यार्थिनींना रात्रीच्या पोस्टिंगला हॉस्टेलवरून कोण नेतं-आणतं, हे प्रवेशाआधी तिला सोबत घेऊन विचार. उत्तर देताना समोरचा चिडला तर ते कॉलेज यादीतून काढ.

पैशाचं सरळ सांगते, कारण यात दोन्हीकडून थापा मारल्या जातात. राज्य सरकारच्या हॉस्पिटलात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन सातव्या आयोगात ३५,४०० पासून सुरू होतं. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरचं ४४,९०० पासून. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं. आपल्या मिहानमधल्या एम्ससाठीसुद्धा भरती नॉरसेट या देशपातळीवरच्या परीक्षेतून होते. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू अशी की सरकारी भरती वर्षानुवर्षं रखडते, मधल्या काळात कंत्राटी नेमणुका होतात. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तो बाह्यस्रोत भरतीच्या विरोधातच. आणि धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी हॉस्पिटलांत नव्या मुलीला पंधरा हजारांच्या अलीकडे-पलीकडेच मिळतात, हे मी रोज ऐकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने पन्नास खाटांहून लहान हॉस्पिटलातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराइतका पगार द्यावा, असं म्हटलंय. शिफारस कागदावर आहे. १२ मेला नाईटिंगेलबाईंच्या वाढदिवशी सभागृहात मेणबत्त्या लागतात, भाषणं होतात. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, वरच्या मजल्यावर उष्माघाताच्या पेशंटच्या काखेत बर्फाच्या पिशव्या ठेवणारी पोरगी तेवढ्याच पगारात. मी त्या मेणबत्त्यांना जात नाही.

म्हणून पहिली दोन-तीन वर्षं ओढाताणीची असतील असं धरून चाल. परदेश हा रस्ता आहे, जर्मनीला भाषेची बी वन-बी टू पातळी लागते, आखातात प्रोमेट्रिक परीक्षा असते, पण तो विचार नोंदणी आणि अनुभव हातात आल्यावर. आत्ता कोणी 'जर्मनी गॅरंटी' म्हणून फी सांगितली तर तो आपल्या पंचवीस हजारवाल्याचा भाऊ समज.

क्लासच्या सरांचं जीएनएमबद्दलचं गणित अर्धंच आहे. जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांचं, इथपर्यंत बरोबर. पण जीएनएमवाल्या मुलीला पुढे डिग्री हवी असेल तर पोस्ट बेसिकची आणखी दोन वर्षं. नॉरसेटला बी.एस्सी. झालेली मुलगी नोंदणी झाली की बसू शकते. जीएनएमवालीला आधी पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलीसाठी जीएनएम चांगला रस्ता आहे, कारण त्यांना बी.एस्सी.चं दार बंद असतं. तुझ्याकडे पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी, आहे. बी.एस्सी.साठी त्या विषयांत आणि इंग्रजीत मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. तेवढे तुला असावेत. एक वर्ष वाचवायला जाऊन दोन घालवू नको.

कॉलेज कोणतं? यावर मी कितीही बोलू शकते, कारण मुली इथंच फसतात. बाहेरच्या रोडला काचेची इमारत असते, गेटवर नाईटिंगेलचा पुतळा, लॅबमध्ये सरावासाठी माणसाएवढी नवीन बाहुली, मॅनिकिन. पालक खूश. पण मॅनिकिनला ताप येत नाही, ते रडत नाही, त्याची शीर निसटत नाही. नर्सिंग कौन्सिलचा नियम आहे की कॉलेजचं स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल हवं. खाटा असतात. त्यावर माणसं आहेत का, हे बघ. इन्स्पेक्शनच्या दिवशी भरणारे आणि दुसऱ्या दिवशी रिकामे होणारे वॉर्ड या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत.

तेव्हा प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये बसून माहितीपत्रक घेण्याऐवजी एखाद्या मंगळवारी सकाळी दहाला त्या हॉस्पिटलच्या केसपेपरच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहा. रांग आहे का? औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक आहे का? संध्याकाळी भेटीच्या वेळेत वॉर्डात चक्कर मार. चादरीला घडी तशीच असेल, कॉटखाली चपला नसतील, डबा घेऊन आलेलं कोणी नसेल, तर तिथे तू चार वर्षं काय शिकणार? कॅन्टीनला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली भेटतील. पहिल्या वर्षाच्यांना विचारू नको, त्यांना अजून माहीत नसतं. मोठ्या वर्गातल्यांना विचार, पहिलं व्हेनफ्लॉन (शिरेत लावायची सलाईनची सुई) कधी लावलंस? केस बुकमधल्या डिलिव्हऱ्या स्वतः केल्यास की सीनियरच्या वहीतून उतरवल्यास? डागा या बायकांच्या सरकारी हॉस्पिटलात पोस्टिंग किती दिवस मिळते, मनोरुग्णालयात नेतात का, की बसचा खर्च वाचवतात? मुली खरं सांगतात, शेजारी मॅडम नसल्या तर.

पसंतीक्रमात मी तुझ्या जागी पहिलं मेडिकलच्या आवारातलं शासकीय परिचर्या महाविद्यालय टाकलं असतं. मेडिकल १९४७ चं. विदर्भ तर येतोच, छिंदवाडा-बालाघाटहूनही पेशंट येतात, सिकलसेलपासून सर्पदंशापर्यंत सगळं एकाच छताखाली बघायला मिळतं. गर्दी आहे, मनुष्यबळ कमी आहे. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स असावी असं कौन्सिल म्हणतं, तिथे तसं काही दिसणार नाही. तरी हात तयार होतो. नागपूर सोडायची तयारी असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा नर्सिंग कॉलेज बघ, तिथे खेड्यात जाऊन काम करायची सवय लागते. खासगीत चांगली कॉलेजं आहेत, नाहीत असं नाही, फक्त वरच्या चक्करेतून पास झालेलीच यादीत घे. खासगी कॉलेजच्या नावासमोर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता या वर्षीची आहे का तेही साइटवर तपास. मागच्या वर्षीची चालत नाही.

मोठ्याईंबद्दल: स्थळं येतात. सरकारी नोकरी लागली की इतकी येतात की आवरावी लागतात, आणि त्यातली अर्धी पगार बघून आलेली असतात, त्यांना ओळखायला शीक. नाईट करून आलेल्या सुनेला सकाळी दहा वाजता झोपू देणारं घर आहे का, हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारायचा. मोठ्याईंनाच विचारायला लाव, त्या छान विचारतील.

या आठवड्यात करायचं ते असं. अधिवास, बाबांचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर आणि जातवैधता, यातलं जे नाही त्यासाठी सेतूत उद्याच अर्ज टाक. प्रवेशाच्या दिवसांत तिथली रांग दुपटीने वाढते. मूळ मार्कशीट प्रवेश पक्का होईपर्यंत कोणाच्याही हातात द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची. कॅपचा फॉर्म स्वतः भर. कॅफेत बसून भरलास तरी मोबाइल नंबर तुझाच टाक आणि पासवर्ड घरी आल्यावर बदल. ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जात असला की पसंतीक्रम रात्रीत कोणी बदलला ते तुला यादी लागल्यावरच कळेल.